शारीरिक हालचाल आणि विद्यार्थ्यांची मनःस्थिती : आपल्या संशोधनलेखनाची एक चिकित्सा

महाविद्यालयीन संशोधनपत्रिका नियमितपणे वाचणाऱ्या प्राध्यापकाला एक लेखप्रकार आता चांगलाच परिचयाचा झाला आहे. खेळाडू आणि बिगरखेळाडू विद्यार्थ्यांच्या मनःस्थितीची तुलना, किंवा सहा-आठ आठवड्यांच्या योगाभ्यासाचा अथवा चालण्याच्या कार्यक्रमाचा विद्यार्थ्यांच्या ताणतणावांवर होणारा परिणाम, हा त्याचा विषय असतो. आरंभी एखादे सुभाषित, मग व्याख्या, मग तीस अधिक तीस असा साठ विद्यार्थ्यांचा नमुना, एक प्रमाणित प्रश्नावली, मध्यमान, प्रमाण विचलन आणि टी-मूल्य यांचे कोष्टक. आणि शेवटी, व्यायामामुळे मनःस्थिती सुधारते, सबब सर्व विद्यार्थ्यांनी नियमित व्यायाम करावा, अशी शिफारस. विद्यापीठ, वर्ष आणि खेळ बदलतात. साचा बदलत नाही.

प्रस्तुत लेखात या साच्याची चिकित्सा करावयाची आहे. व्यायामाचे महत्त्व नाकारण्याचा हेतू तिच्यामागे नाही. या लेखांचा निष्कर्ष बहुधा योग्य दिशेचाच असतो. अडचण अशी की ज्या पुराव्यावर तो उभा केला जातो तो पुरावा त्याला पेलत नाही. आणि निष्कर्ष आधीच ठाऊक असल्यामुळे कोणत्या विद्यार्थ्याला, कोणत्या हालचालीने, किती काळ आणि कोणत्या परिस्थितीत बरे वाटते, हे खरे उपयोगाचे प्रश्न विचारलेच जात नाहीत.

हा केवळ पद्धतिशास्त्राचा वाद नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यनिहाय आकड्यांत महाराष्ट्र पहिल्या क्रमांकावर होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये विद्यार्थ्यांची शारीरिक सुदृढता, क्रीडा आणि मानसिक-भावनिक स्वास्थ्य यांविषयी एकत्रित मार्गदर्शक सूचना काढल्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीत पदवी अभ्यासक्रमांत क्रीडा आणि योग यांना श्रेयांक मिळू लागले. म्हणजे हालचाल आणि मनःस्थिती यांच्या नात्याविषयी आपण जे लिहितो त्यावर आता वेळापत्रके ठरू शकतात, निधी मागता वा नाकारता येतो, आणि एखाद्या महाविद्यालयाला ‘आमच्याकडे समुपदेशक नाही, पण व्यायामशाळा आहे’ असे उत्तरही देता येते. म्हणून हा साचा तपासून पाहणे आवश्यक आहे.

सुभाषितांपासूनच आरंभ करू. या लेखांच्या प्रस्तावनेत दोन वचने हमखास भेटतात. एक कालिदासाच्या कुमारसंभवातील, शरीर हे धर्माचे पहिले साधन असल्याचे सांगणारे; दुसरे रोमन कवी जुवेनाल याचे, निरोगी शरीर आणि निरोगी मन यांना जोडणारे. दोन्ही वचने व्यायामाच्या बाजूने साक्ष देतात असे गृहीत धरले जाते. परंतु कालिदासाचे वचन कोणी, कोणाला उद्देशून उच्चारले आहे, हे पाहिले तर चित्र वेगळे दिसते. पाचव्या सर्गात पार्वती कठोर तप करीत आहे. ब्रह्मचाऱ्याच्या वेषात आलेला शिव तिला विचारतो की, तू आपल्या शक्तीच्या मानाने तप करीत आहेस ना? त्या प्रश्नाला जोडून हे वचन येते. ते श्रमाचा पुरस्कार करीत नाही, अतिश्रमाविषयी सावध करते. जुवेनालचे वाक्य त्याच्या दहाव्या उपरोधिकेत येते आणि तेथे तो कार्यकारणभाव सांगतच नाही. देवाकडे मागायचेच असेल तर निरोगी शरीरात निरोगी मन मागा, असा तो सल्ला आहे. एक मिळाले म्हणून दुसरे आपोआप मिळते, असे त्याला म्हणावयाचे असते तर दोन्हींसाठी प्रार्थना करण्याचे कारण नव्हते. हा मुद्दा किरकोळ वाटेल. पण संदर्भ न पाहता वचन उचलण्याची सवय पुढे संशोधनाचे दाखले उचलतानाही दिसते, म्हणून तो येथे नोंदवला.

हालचाल म्हणजे नेमके काय?

कास्पर्सन, पॉवेल आणि ख्रिस्तेनसन यांनी १९८५ मध्ये केलेला भेद आपल्या लेखांत व्याख्येपुरता येतो आणि पुढच्या पानावर विसरला जातो. स्नायूंच्या साहाय्याने होणारी, ऊर्जा खर्च करणारी कोणतीही शारीरिक क्रिया म्हणजे शारीरिक हालचाल. तिच्यापैकी नियोजित, सुसूत्र, पुनःपुन्हा केलेली आणि शारीरिक क्षमता वाढविण्याच्या उद्देशाने केलेली ती व्यायाम. तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात हा भेद प्रत्यक्ष समोर बसलेला असतो. एक विद्यार्थी संध्याकाळी मैदानावर कबड्डीचा सराव करतो. त्याच्या शेजारी बसणारी विद्यार्थिनी पहाटे पाणी भरते, एसटी थांब्यापर्यंत दोन-अडीच किलोमीटर चालते, परत गेल्यावर भाकऱ्या थापते आणि सुगीच्या दिवसांत शेतावरही जाते. ऊर्जेच्या हिशेबाने तिची हालचाल त्याच्याहून कमी नसेल. कदाचित जास्तच असेल. आपल्या वर्गवारीत मात्र तो ‘खेळाडू’ आणि ती ‘बिगरखेळाडू’. मग तिचा मनःस्थितीचा गुणांक खालावलेला आढळला की हालचालीच्या अभावाकडे बोट दाखवले जाते.

प्रश्नावली वापरली तरी हा घोटाळा सुटत नाही. आंतरराष्ट्रीय शारीरिक हालचाल प्रश्नावलीचे लघुरूप आपल्याकडे सर्रास वापरले जाते. गेल्या सात दिवसांत तीव्र, मध्यम आणि चालण्याची हालचाल किती मिनिटे झाली, एवढेच ते विचारते. हालचाल नोकरीची होती, घरकामाची होती, प्रवासाची होती की फावल्या वेळातील होती, हा भेद दीर्घरूपात आहे, लघुरूपात नाही. दीर्घरूप भरून घ्यायला वेळ लागतो म्हणून आपण लघुरूप निवडतो, आणि ज्या भेदावर सारे अवलंबून आहे तोच गमावतो. व्हाइट आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये या क्षेत्रातील अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात फावल्या वेळातील हालचालीचा मानसिक स्वास्थ्याशी अनुकूल संबंध दिसला. कामाचा भाग म्हणून होणाऱ्या हालचालीचा संबंध मात्र, सौम्य प्रमाणात का होईना, मानसिक अस्वास्थ्याशी दिसला. स्नायू तेच, दमही तोच, परिणाम मात्र वेगळा. यामागे निवडीचे स्वातंत्र्य आहे, सोबत आहे, की काम करणाऱ्याच्या आर्थिक स्थितीचाच हा परिणाम आहे, हे त्या विश्लेषणाने अंतिमतः सुटत नाही. पण ‘हालचाल’ नावाचा एकच चल मानून चालणार नाही, एवढे त्यावरून नक्की होते.

स्वतः सांगितलेल्या मिनिटांवर किती विसंबावे, हाही प्रश्न आहे. लघुरूपाची तुलना अंगावर बांधलेल्या यंत्राच्या नोंदींशी करणाऱ्या अभ्यासांचा ली आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये आढावा घेतला, तेव्हा सांगितलेली हालचाल प्रत्यक्षापेक्षा पुष्कळ अधिक असल्याचे बहुतेक अभ्यासांत आढळले. चोई आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये आनुवंशिक माहितीच्या आधारे कार्यकारणाची दिशा तपासली. त्यांनाही यंत्राने मोजलेल्या हालचालीचा विषादाविरुद्ध संरक्षक परिणाम दिसला. तोंडी सांगितलेल्या हालचालीचा दिसला नाही. आपले बहुतेक लेख दुसऱ्याच प्रकारच्या माहितीवर उभे आहेत. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकानेच प्रश्नावली वाटली असेल, तर विद्यार्थी किती मिनिटे लिहील याचा अंदाज प्राध्यापकांना वेगळा सांगण्याची गरज नाही.

मनःस्थितीचे मोजमाप आणि मराठी

मॅकनेअर, लॉर आणि ड्रॉपलमन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेली मनःस्थिती रूपरेषा, म्हणजेच पॉम्स, हे या क्षेत्रातील सर्वाधिक वापरलेले साधन होय. तिच्यात ६५ विशेषणे आणि सहा घटक आहेत : तणाव, विषाद, राग, जोम, थकवा आणि संभ्रम. यांतील जोम तेवढा अनुकूल; बाकीचे पाच प्रतिकूल. पाचांची बेरीज करून तीतून जोम वजा केला की एकूण मनोविक्षोभाचा गुणांक मिळतो. विल्यम मॉर्गन यांनी यशस्वी खेळाडूंच्या आलेखात जोम वर आणि बाकीचे घटक सरासरीच्या खाली असल्याचे दाखवून त्याला हिमनगाची उपमा दिली, आणि तेव्हापासून तो हिमनग आपल्याही लेखांत तरंगत आहे. रोली आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये केलेल्या एकत्रित विश्लेषणात कामगिरीतील तफावतीपैकी एक टक्क्याहूनही कमी भाग या रूपरेषेने स्पष्ट होतो असे दिसले, हे मात्र आपल्याकडे क्वचितच उद्धृत होते.

याहून मोठा प्रश्न भाषेचा आहे. मूळ यादीत ‘ब्लू’, ‘बुश्ड’, ‘पीव्ह्ड’, ‘ग्राउची’ अशी अमेरिकी बोलचालीतील विशेषणे आहेत. ग्रामीण भागातील मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यापुढे ही यादी इंग्रजीत ठेवली, तर मोजला जातो तो शब्दसंग्रह. भाषांतर करून ठेवली, तर दुसरी अडचण येते. कोशातून ‘खिन्न’, ‘विषण्ण’, ‘उद्विग्न’ असे प्रतिशब्द निघतात. पण वसतिगृहातला कोणताही मुलगा ‘मी आज विषण्ण आहे’ असे म्हणत नाही. तो म्हणतो, ‘करमत नाही’, ‘मन लागत नाही’, ‘वैताग आलाय’. मराठीत मनःस्थिती पुष्कळदा विशेषणाने व्यक्त होत नाही, क्रियापदाने होते, आणि तीही कोणत्या तरी ठिकाणाच्या वा माणसाच्या संदर्भात. ‘करमत नाही’ यात विषाद आहे, पण त्यात घराची ओढही आहे आणि नव्या जागेचे परकेपणही. ‘हुरहूर’ धड चिंता नाही, धड खिन्नता नाही. ‘मरगळ’ थकवा आहे की विषाद? शेतात दिवसभर राबून आलेली दमणूक आणि दिवसभर खोलीत पडून आलेली मरगळ यांना मराठी वेगवेगळे शब्द देते. सहा घटकांच्या यादीत दोन्ही थकव्याच्या रकान्यात पडतात. व्यायामाचा परिणाम तपासायचा असेल तर नेमका हाच भेद मोलाचा आहे, कारण व्यायामाने दमणूक वाढते आणि मरगळ जाते.

पीटर टेरी आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये तरुणांसाठी २४ विशेषणांचे छोटे रूप तयार केले आणि पुढे ते प्रौढांसाठीही पडताळले. अनेक भाषांत त्याची रूपांतरे झाली. रूपांतर म्हणजे केवळ भाषांतर नव्हे. उलट भाषांतर, वेगळ्या नमुन्यावर घटकविश्लेषण, विश्वसनीयता, हे सारे त्यात येते. ‘सदर प्रश्नावलीचे संशोधकाने मराठीत भाषांतर केले’ या एका वाक्यावर ते भागवता येत नाही. मराठी विभाग आणि मानसशास्त्र विभाग एकाच व्हरांड्यावर असणाऱ्या महाविद्यालयांत हे काम कधीच एकत्र का होत नाही, हे कोडेच आहे. बहुविद्याशाखीय पत्रिकेत हा प्रश्न विचारणे अस्थानी ठरू नये.

काळाचाही मुद्दा आहे. पॉम्सच्या मूळ सूचनेत ‘आजचा दिवस धरून गेल्या आठवड्यात’ कसे वाटले, असे विचारलेले असते. ‘आत्ता या क्षणी’ ही तिची वेगळी सूचना आहे. तासभराच्या व्यायामाच्या आधी आणि नंतर आठवड्याची सूचना वापरली, तर तासाभरात आठवडा बदलल्याचा चमत्कार कोष्टकात दिसतो. शिवाय पूर्वचाचणी सकाळी अकराला आणि उत्तरचाचणी संध्याकाळी सहाला असेल तर दिवसाची वेळ हाच एक चल होतो. कातरवेळ हा शब्द ज्या भाषेत आहे त्या भाषेतील संशोधकाने तरी ही गोष्ट नजरेआड करू नये.

गट, स्वयंनिवड आणि टी-मूल्य

खेळाडू आणि बिगरखेळाडू यांच्या तुलनेतून कार्यकारण निघत नाही, हे पद्धतिशास्त्राच्या पहिल्या तासाला आपणच शिकवतो. ज्याच्या मनात हुरूप आहे तो मैदानावर जातो. ज्याला काहीच नकोसे झाले आहे तो जात नाही. म्हणजे बाण उलट दिशेनेही जाऊ शकतो. संघात निवड झाल्याने प्रतिष्ठा, मित्र, प्रवासभत्ता आणि कधी हजेरीतील सवलत मिळते. तिचाही मनःस्थितीवर परिणाम होत असणार. आरंभी विषाद नसलेल्या लोकांचा पुढे अनेक वर्षे मागोवा घेतल्यासच ही गुंतागुंत थोडी उलगडते. शुख आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अशा ४९ अभ्यासांतील २,६६,९३९ व्यक्तींची माहिती एकत्र केली. अधिक हालचाल करणाऱ्यांत पुढे विषाद उद्भवण्याची शक्यता सुमारे १७ टक्क्यांनी कमी आढळली. हा परिणाम खराही असेल आणि महत्त्वाचाही. पण तो कोष्टकात दुप्पट-तिप्पट फरक दाखवण्याइतका मोठा नाही.

आपल्या नमुन्यांच्या आकाराकडे या दृष्टीने पाहावे. प्रत्येकी तीस जणांच्या दोन गटांत मध्यम आकाराचा, म्हणजे अर्ध्या प्रमाण विचलनाएवढा, खरा फरक असला तरी ०.०५ सार्थकता पातळीवर तो सापडण्याची शक्यता जेमतेम निम्मी असते. ती ८० टक्क्यांपर्यंत न्यायची तर प्रत्येक गटात ६४ जण लागतात. असे असताना छापून आलेला जवळजवळ प्रत्येक लेख सार्थक फरक दाखवतो. याचा अर्थ एक तर फरक न सापडलेले अभ्यास कपाटात राहतात, किंवा सहा घटकांपैकी ज्यात फरक सापडला त्यावर निष्कर्ष बेतला जातो. सहा स्वतंत्र कसोट्या ०.०५ पातळीवर केल्या तर प्रत्यक्षात कोठेच फरक नसतानाही किमान एक ‘सार्थक’ निघण्याची शक्यता २६ टक्क्यांहून अधिक होते. परिणामाचा आकार आणि विश्वासमर्यादा देण्याची प्रथा पडली तरी निम्मे काम होईल. परीक्षणासाठी आलेल्या लेखांत या दोन गोष्टी मागितल्या की ‘त्यांची आमच्या विद्यापीठात आवश्यकता नाही’ असे उत्तर प्रस्तुत लेखकाला एकाहून अधिक वेळा मिळाले आहे.

प्रायोगिक आराखडा घेतला तरी अपेक्षेचा परिणाम उरतोच. देहार्ने आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये कॅनडात ४८ निरोगी तरुणांना दहा आठवड्यांचा एकच व्यायामकार्यक्रम दिला. निम्म्यांना हा कार्यक्रम मानसिक स्वास्थ्य सुधारण्यासाठी आखल्याचे सांगितले, उरलेल्यांना फक्त शारीरिक बाजू सांगितली. शारीरिक क्षमता दोन्ही गटांत सारखीच वाढली. आत्मसन्मान मात्र ज्यांना तसे सांगितले होते त्यांच्यात लक्षणीयरीत्या वाढला. आपल्याकडे बहुधा संशोधक, प्रशिक्षक आणि अंतर्गत गुण देणारा शिक्षक एकच असतो, आणि ‘योगाने मन शांत होते’ हे वाक्य पहिल्या दिवशी उद्घाटनातच उच्चारले जाते. लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून योगक्रियांना क्ष-किरण आणि रक्तदाबाच्या मोजमापाखाली आणले, ते श्रद्धा आणि निरीक्षण वेगळे ठेवता यावेत म्हणूनच. तो वारसा सांगताना आपण त्यातील निरीक्षणाचा भाग हळूच गाळतो.

ब्रुकलिनचा धडा

विद्यापीठीय विद्यार्थ्यांवरील अभ्यासांपैकी जे विशेष अभ्यासनीय आहेत त्यांत न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन कॉलेजातील बॉनी बर्जर आणि डेव्हिड ओवेन यांच्या कामाचा उल्लेख करावा लागेल. १९८० च्या दशकात त्यांनी नेहमीच्या महाविद्यालयीन तासांनाच, म्हणजे पोहण्याच्या, तलवारबाजीच्या, योगाच्या आणि शरीरसंवर्धनाच्या वर्गांना, प्रयोगशाळा मानले आणि नियंत्रित गट म्हणून व्याख्यानाचा तास घेतला. ही साधी कल्पना आपल्या कोणत्याही महाविद्यालयात उद्या राबवता येईल. १९९२ च्या लेखात ८७ विद्यार्थ्यांवर पोहणे आणि योग यांची तुलना होती. दोन्हींनंतर मनःस्थिती सुधारली, आणि योगात हृदयाची गती फारशी वाढत नसल्याने दमवणारा व्यायाम हीच अट नसावी, असा त्यांनी निष्कर्ष काढला. विद्यार्थ्यांनी वर्ग स्वतः निवडले होते, ही या अभ्यासाची मर्यादाच. पण ती त्यांनी लपवली नाही.

त्याहून बोधप्रद त्यांचा फसलेला निकाल आहे. उन्हाळी सत्रातील पोहणाऱ्यांत अपेक्षित लाभ दिसला नाही. तेव्हा पाणी आणि हवा दोन्ही तापलेली होती, याकडे त्यांनी लक्ष वेधले. तोच तलाव, तीच क्रिया, ऋतू बदलला आणि परिणाम गेला. अशा निरीक्षणांतून बर्जर यांनी मनःस्थितीला अनुकूल हालचालीच्या काही खुणा मांडल्या : ती करणाऱ्याला आवडणारी असावी, तिच्यात लयबद्ध दीर्घ श्वसन असावे, माणसामाणसांतील स्पर्धा नसावी आणि क्रिया सरावाची, अनपेक्षित धक्के नसलेली असावी. या खुणा आपल्या आंतरमहाविद्यालयीन क्रीडाव्यवस्थेसमोर ठेवल्या तर अवघड प्रश्न उभे राहतात. आपला बहुतेक निधी स्पर्धेवर, म्हणजे निवडचाचणी, विभागीय सामने आणि पदके यांवर खर्च होतो. निवड न झालेल्या शेकडो विद्यार्थ्यांसाठी मैदान म्हणजे प्रेक्षकांची जागा. विदर्भ-मराठवाड्यातील एप्रिल-मे महिन्यांत दुपारी चारला घेतलेल्या सरावाने मनःस्थिती कशी होते, हे तपासण्यासाठी ब्रुकलिनला जाण्याची गरज नाही; आणि तरीही हवेचे तापमान नोंदवलेला लेख आपल्याकडे शोधावा लागतो.

तीव्रतेचा मुद्दा याला लागूनच आहे. एककाकिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतर सातत्याने दाखवले की श्वसनाच्या विशिष्ट मर्यादेपर्यंतची हालचाल बहुतेकांना सुखद वाटते. त्या मर्यादेच्या आसपास व्यक्तिव्यक्तींत मोठी तफावत पडते. मर्यादा ओलांडली की जवळजवळ सर्वांनाच ती त्या वेळी असह्य होते. व्यायाम थांबताच बरे वाटते. आपण मोजतो ते नेमके थांबल्यानंतर, आणि सुटकेच्या निःश्वासाला व्यायामाचा आनंद समजतो. १९६८ मधील कूपर यांची बारा मिनिटांची धाव ही क्षमता मोजण्याची कसोटी आहे. तीच उपक्रम म्हणून वापरली, तर सवय नसलेल्या विद्यार्थ्याच्या आठवणीत काय राहते? तो दुसऱ्यांदा येतो का? गळती झालेल्यांना विश्लेषणातून वगळण्याची आपली पद्धत या प्रश्नाचे उत्तर झाकते. उलट रॉबर्ट थायर यांनी १९८७ मध्ये केवळ दहा मिनिटांच्या भरभर चालण्याचा गोड खाऊच्या तुलनेत उत्साहावर होणारा परिणाम दाखवला होता. दहा मिनिटे दोन तासिकांच्या मध्येही मिळू शकतात.

एंडॉर्फिनविषयीचे वाक्य आता प्रस्तावनेतून काढून टाकावे. धावल्यानंतरच्या आनंदाचे श्रेय त्याला देणारा मेंदूप्रतिमांचा पुरावा ब्योकर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दिला, तो दोन तास धावलेल्या दहा सरावलेल्या धावपटूंवर होता. २०२१ मध्ये झीबर्स आणि सहकाऱ्यांनी हे ग्राहक औषधाने रोखून पाहिले, तरीही धावणाऱ्यांना तो आनंद मिळालाच. जैवरासायनिक स्पष्टीकरण अद्याप वादाचे आहे, आणि साठ विद्यार्थ्यांच्या प्रश्नावलीला त्याची आवश्यकताही नाही.

मनःस्थिती आणि आजार

सर्वांत गंभीर गल्लत येथे होते. निरोगी विद्यार्थ्याची एका संध्याकाळची मनःस्थिती आणि विषाद हा आजार या दोन गोष्टी आपल्या लेखांत एकाच परिच्छेदात एकीतून दुसरीत सरकतात. ब्लुमेन्थल आणि सहकाऱ्यांच्या १९९९ मधील ड्यूक विद्यापीठातील प्रयोगाचा दाखला वारंवार दिला जातो : सोळा आठवड्यांअखेर व्यायामाचा परिणाम औषधाइतकाच दिसला. त्यातील १५६ रुग्ण पन्नाशी ओलांडलेले होते, निदान झालेले होते आणि देखरेखीखाली व्यायाम करीत होते, हे मात्र सांगितले जात नाही. २०१३ च्या कॉक्रन आढाव्यात ३५ प्रयोगांचा एकत्रित परिणाम ठसठशीत (०.६२ प्रमाण विचलन) होता, पण यादृच्छिक वाटणी गुप्त ठेवणारे, मूल्यमापकाला गट माहीत नसणारे आणि गळालेल्यांनाही हिशेबात धरणारे सहाच प्रयोग घेतले तेव्हा तो ०.१८ वर आला आणि सार्थक राहिला नाही. २०२४ मध्ये नोटेल आणि सहकाऱ्यांनी २१८ प्रयोगांतील १४,१७० व्यक्तींच्या माहितीवरून चालणे, जॉगिंग, योग आणि ताकदीचे व्यायाम परिणामकारक असल्याचे दाखवले. पुराव्याची खात्री मात्र त्यांनी स्वतःच कमी किंवा अत्यंत कमी ठरवली. दोन्ही आढावे प्रामाणिक आहेत. त्यांतून व्यायाम हा उपचारातील एक आशादायक घटक ठरतो. उपचाराचा पर्याय म्हणून महाविद्यालयाने त्याची शिफारस करावी, असे ठरत नाही.

अंथरुणातून उठण्याचीच इच्छा उरलेली नाही अशा विद्यार्थ्याला ‘रोज धावत जा, सगळे ठीक होईल’ असे सांगितले आणि त्याला ते जमले नाही, तर त्याच्या अपराधभावात एका अपयशाची भर पडते. आपल्या लेखांतील सरसकट शिफारस वाचणारा वर्गशिक्षक किंवा पालक नेमके हेच सांगतो. प्रश्नावलीत विषादाचा गुणांक फार वर गेलेल्या विद्यार्थ्याचे पुढे काय केले, याची नोंद अशा लेखांत असायला हवी. साठ प्रश्नपत्रिका तपासणाऱ्या संशोधकाला तो आकडा दिसलेला असतो. मध्यमान काढले की तो नाहीसा होतो.

आपल्याला करता येण्याजोगे काम मोठ्या निधीचे नाही. एकाच वर्गातील चाळीस विद्यार्थ्यांना, त्यांच्या संमतीने आणि गुणांशी संबंध न जोडता, सत्रारंभापासून परीक्षेपर्यंत आठवड्यातून तीनदा दोन-तीन साधे प्रश्न विचारता येतील : आज किती चाललात वा खेळलात, ते कामाचे होते की आवडीचे, आणि आत्ता कसे वाटते आहे. प्रत्येक विद्यार्थ्याची तुलना त्याच्या स्वतःच्याच इतर दिवसांशी करता येईल. त्यामुळे खेळाडू आणि बिगरखेळाडू यांच्या स्वभावातील फरक आड येणार नाही. सोबत हवेचे तापमान, मैदान त्या दिवशी मोकळे होते की लग्नसमारंभाला दिले होते, आणि मुलींच्या वसतिगृहाचे दार किती वाजता बंद झाले, याही नोंदी ठेवाव्यात. शेवटची नोंद वॉर्डनच्या वहीत आधीपासूनच असते.